राजम्मा विडी वळते, पण बघतंय कोण? (प्रकल्प नोंदी)

३ जून

कथेला सुरुवात केली. खरं सांगायचं तर चौथ्यांदा. दिवाळी अंकाला ३१ जुलैच्या आत द्यायचीय, पाच हजार शब्दांच्या आसपास. मागच्या वर्षी कुठल्या ड्राफ्टमधे काय बदललं आणि कशापायी बदललं ते नंतर माझं मलाच कळेना, म्हणून यंदा नोंदी ठेवणार. कारखान्यातून आलो, जेवलो, की आधी दहा मिनिटं हे आणि मग कथा.

गोष्ट एवढीच आहे: राजम्मा, पन्नाशीची, सोलापुरात अशोक चौकाच्या मागं एका खोलीत राहते, रोज हजार विड्या वळते. डोळे अधू व्हायलेत. विडीच्या कारखान्यात विड्या जमा करताना छाट (खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या) वाढलीय. घरात कुणाला सांगत नाही, आणि मुख्य म्हणजे स्वतःलाही सांगत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत एक दिवस. घटना वगैरे काही नाही, सगळं तिच्या डोक्यात. तिथंच माझी चार वेळा गाडी अडकली, कारण डोक्यात शिरायचं दार सापडत नाही.

७ जून

पहिला परिच्छेद झाला आणि मी खूश:

"राजम्माची सुरकुतलेली बोटं सराईतपणे पानावर फिरत होती. चिमूटभर तंबाखू पसरून तिनं पान वळलं, दोरा गुंडाळला, टोकं दुमडली. तिच्या चेहऱ्यावर थकवा दाटला होता."

शेजारच्या अक्कांना वाचून दाखवला. अक्कांनी तीसेक वर्षं विड्या वळल्यात, आता बंद. शेंगा निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "तिच्यासमोर कोण बसलंय?" म्हटलं कोणी नाही, एकटीच आहे. "मग बोटं कुणाला दिसली रे? विडी वळताना बोटाकडं कोण बघतंय, आम्ही सगळ्या टीव्ही बघायचो की. बोटाकडं बघितलं तर हात थांबतोय." वर शेंगा पाखडत पुन्हा एकदा, "सुरकुतलेली म्हणे!"

मी घरी येऊन पार झोपलो. झालंय ते असं, की परिच्छेदात राजम्मा आहे पण बघतोय मी, समोर स्टुलावर बसून, हातात चहाचा कप घेऊन. चेहऱ्यावरचा थकवा तर तिला दिसणं शक्यच नाही, तिच्या खोलीत आरसा दाराच्या मागं आहे असं मीच दुसऱ्या पानावर लिहिलंय.

जेरार जेनेट नावाच्या फ्रेंच साहित्य-अभ्यासकानं १९७२ मधे नेमकं हेच दोन भाग केले होते. दृष्टिकोन दृष्टिकोन म्हणून आपण जे एका पोत्यात भरतो त्यात दोन वेगळे प्रश्न असतात, सांगतंय कोण आणि दिसतंय कुणाला. दोन्हींची उत्तरं एकच असायला पाहिजेत असं काही नाही. निवेदक बाहेरचा, 'ती' म्हणून बोलणारा, पण दिसणं-ऐकणं-कळणं सगळं तिच्यापुरतंच, असं चालतं आणि बहुतेक चांगल्या कथांत तसंच चाललेलं असतं. त्याचे तीन प्रकार: निवेदकाला पात्रापेक्षा जास्त माहीत, पात्राइतकंच माहीत, पात्रापेक्षा कमी माहीत (म्हणजे नुसतं बाहेरून, काय केलं काय बोलली एवढंच). मला दुसरा पाहिजे होता आणि मी लिहिला तिसरा, त्यात पुन्हा 'थकवा दाटला' हे पहिल्यातलं ठिगळ.

८ जून

आज पाण्याचा दिवस. चार दिवसांनी नळ आला तो पहाटे साडेतीनला. लिखाण शून्य.

११ जून

आज जे सापडलंय ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाची एक चाचणी आहे, १९६६ च्या लेखातली, जेनेटनंही ती उचललीय. 'तो/ती'मधला उतारा घ्यायचा आणि 'मी'मधे करायचा. सर्वनाम सोडून बाकी काही न बदलता वाक्य टिकलं तर उतारा पात्राच्या आतून आहे. मोडलं तर बाहेरून. त्याचं उदाहरण जेम्स बाँडचं आहे, ग्लासावर बर्फ किणकिणला आणि त्यामुळं बाँडला एकदम काहीतरी सुचल्यासारखं 'दिसलं'. हे 'मी'त होत नाही. मला सुचलं तर सुचलं, मला सुचल्यासारखं दिसलं असं कोण म्हणेल. त्या एका शब्दात बाहेरचा माणूस उभा आहे.

मी माझ्या उताऱ्याला चाचणी लावली. "चेहऱ्यावर थकवा दाटला होता" मोडलं, अपेक्षेप्रमाणे. "सुरकुतलेली बोटं सराईतपणे" मोडलं, स्वतःला सराईत कोण म्हणतंय. पण मधलं वाक्य? "पान वळलं, दोरा गुंडाळला, टोकं दुमडली." त्यातलं 'तिनं' काढून 'मी' घातलं. काहीच बदललं नाही! क्रियापद जसंच्या तसं. मग 'मी'पण काढलं. तरी वाक्य उभं.

शाळेत कर्मणी प्रयोग पाठ केला होता मार्कांसाठी, कर्माप्रमाणे क्रियापद चालतं, रामाने आंबा खाल्ला, सीतेने आंबा खाल्ला, संपलं. त्याचा अर्थ असा होतो हे कधी डोक्यात आलं नव्हतं, की भूतकाळात कर्म असलेल्या क्रियापदाला करणारा कोण याच्याशी देणंघेणंच नाही. भाकरी थापली, चहा टाकला, पोराला उठवलं. कुणी? मी, तिनं, त्यानं, आम्ही, कुणीही. ('तू' तेवढा लपत नाही, थापलीस होतं.) इंग्रजीत करणारा सांगितल्याशिवाय वाक्य पुढं सरकत नाही, आय किंवा शी कायतरी एक पहिल्या शब्दालाच निवडावं लागतं. आपल्याला पानभर निवडायची गरज नाही.

आणि भावनेची वाक्यं तर आणखी पुढं. राग आला, भूक लागली, आठवलं, दिसलं. सगळी 'मला/तिला'वाली, तो शब्द गाळला की दोघींची सारखीच. "दोऱ्याचं टोक दिसेना." बघा की. हे राजम्मा म्हणतेय का मी राजम्माबद्दल म्हणतोय?

रात्री दीड वाजलाय, उद्या टॉवेलच्या कंटेनरचं बिलिंग आहे, पण झोप येत नाही.

१२ जून

काल जास्त उडालो. कर्म नसलेलं क्रियापद आलं की भांडं फुटतं: उठली / उठले, बसली / बसले, हसली / हसले. आणि काही क्रियापदं कर्म घेऊनसुद्धा कर्त्यामागंच जातात, त्यांची यादी केली: बोलणे, विसरणे, शिकणे, जेवणे, पिणे. म्हणजे राजम्मानं चहा केला की ती कोण ते कळत नाही, आणि प्याली की कळतं. चष्मा शोधला की कळत नाही, विसरली की कळतं.

भविष्यकाळही फुटतो, जाईन / जाईल. पण 'जायचं' फुटत नाही. "उद्या लवकर जायचं. डॉक्टरकडं कशाला जायचं." हे मस्तच आहे, ठरवणं आणि टाळणं दोन्ही एकाच शेपटावर.

१५ जून

पहिली दोन पानं नव्यानं लिहिली, बोटं काढून टाकली. आता सुरुवात अशी:

"रात्री भिजवलेली पानं सकाळी फडक्यातून काढली. यंदा पानंच खराब आलीत. सूप उचलून दाराशी घेतलं, आत गरम होतंय. विड्यांचा पहिला कट्टा बांधला तेव्हा मालिकेची पाटी लागली होती."

'यंदा पानंच खराब आलीत' या वाक्यावर अख्खा आठवडा गेला म्हटलं तरी चालेल. आधी होतं "यंदा पानं खराब आली आहेत असं राजम्माला वाटलं." फरक बघा. मराठीत 'वाटलं' हा शब्दच चहाडखोर आहे. मला वाटलं तू येणार म्हणजे तू आला नाहीस. मला वाटलं दूध आहे म्हणजे दूध संपलंय. तिला वाटलं पानं खराब आहेत असं लिहिलं की वाचणाऱ्याला तिथंच कळतं पानं चांगली आहेत आणि बाई चुकतेय, म्हणजे मी लेखक म्हणून तिच्या पाठीमागं उभं राहून वाचकाला डोळा मारतोय. नुसतं 'पानंच खराब आलीत' म्हटलं की वाचक आधी विश्वास ठेवतो. मग गरम होतंय म्हणून दाराशी बसली, तेही मान्य. मग नऊचा बल्ब काढून पंधराचा लावला. मग कुठंतरी तिसऱ्या-चौथ्या कारणाला वाचक थांबतो.

याला तिकडं मुक्त अप्रत्यक्ष शैली म्हणतात, बोलणं पात्राचं, सांगणं निवेदकाचं, आणि मधे 'म्हणाली', 'वाटलं' असला खांबच नाही. शार्ल बायी या स्विस भाषातज्ज्ञानं १९१२ मधे फ्रेंचमधे त्याचं बारसं केलं, वापरत मात्र लोक आधीपासून होते. फ्रेंच-इंग्रजीत ती ओळखायची खूण म्हणजे काळ मागं सरकतो, आतलं 'खराब आहेत'चं 'खराब होती' होतं, आणि 'आज', 'इथं', 'उद्या' हे शब्द पात्राच्या जागेवरच राहतात. आपल्याकडं काळ सरकवायची सक्ती नाही, म्हणून ती आपल्याकडं कमी दिसते असं नाही, उलट इतकी मिसळून जाते की खूण करायला जागाच सापडत नाही.

१९ जून

अक्का म्हणाल्या सरळ 'मी राजम्मा' म्हणून का लिहीत नाहीस. बरोबर आहे, आपल्याकडं हरिभाऊ आपट्यांनी १८९० मधे 'करमणूक'मधे 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी सुरू केली तीच नायिका यमूच्या तोंडून, पुरुषानं बाईचा 'मी' घेणं काही नवीन नाही. पण यमूला सांगायचंय. तिचं सगळं सांगणंच आहे, लक्षात घ्या म्हणून. राजम्माला सांगायचं नाहीय. 'मी' आला की कुणालातरी सांगणं आलं, आणि सांगायला बसली की एकतर कबूल करेल नाहीतर खोटं बोलेल. खोटं बोलणारा 'मी' हाही मोठा प्रकार आहे, वेन बूथ या अमेरिकन समीक्षकानं १९६१ मधे त्याला अविश्वसनीय निवेदक असं नाव दिलं, पण तो खेळ वेगळा, त्यात वाचक आणि लेखक मिळून निवेदकाला पकडतात. राजम्माला पकडायची माझी इच्छा नाही.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे आणि ती सोलापुरात राहिल्याशिवाय कळणार नाही. राजम्मा विचार कुठल्या भाषेत करते? तेलुगूत. नळावर मराठी, कारखान्यात मराठी, घरात आणि डोक्यात तेलुगू. मग 'मी राजम्मा' म्हणून अस्सल मराठीत जी बोलतेय ती कोण?

२१ जून

डोरिट कोन या साहित्य-अभ्यासक बाईंनी १९७८ मधे पात्राचं मन दाखवायचे तीन रस्ते सांगितले ('तो/ती'च्या गोष्टीत). एक, निवेदकानं आपल्या शब्दांत मनाचा हालहवाल सांगायचा. दोन, पात्राचे विचार त्याच्याच शब्दांत, अवतरणात टाकायचे. तीन, वर म्हटली ती मिसळ. मी तिन्ही राजम्माला लावून बघितले, तेलुगूचा प्रश्न समोर ठेवून.

दुसरा लगेच बाद. "'आता काय करू?' राजम्मा मनात म्हणाली." हे ती मनात म्हणालीच नाही, म्हणाली ते तेलुगूत. अवतरणचिन्ह म्हणजे जसंच्या तसं असा शिक्का, आणि तो शिक्का खोटा. तेलुगू वाक्य देवनागरीत टाकून खाली अर्थ द्यायचा म्हटलं तर ती कथा न राहता शब्दकोश होतो.

पहिला रस्ता भाषेच्या बाबतीत सगळ्यात प्रामाणिक, कारण निवेदक म्हणतच नाही की हे तिचे शब्द आहेत. आणि त्याचा आणखी एक फायदा कोनबाई सांगतात तो माझ्या कामाचा आहे: जे पात्राला स्वतःला शब्दांत मांडता येत नाही तेही त्या रस्त्यानं सांगता येतं. आपल्याला मनाचं चित्रण म्हटलं की आधी संज्ञाप्रवाह आठवतो, म्हणजे मन म्हणजे सतत चाललेली बडबड. राजम्माच्या मनात बडबड नाहीच फार. हजार विड्या मोजणारं मन आहे ते, आकडे आणि टीव्ही. मधेच एखादी भीती शब्दाशिवाय येऊन जाते. ती फक्त पहिल्या रस्त्यानं पकडता येईल.

तिसरा रस्ता मधला. शब्द मराठी, चाल तिची.

२४ जून

डब्याच्या वेळी ऑफिसातल्या मित्राला (घरी तेलुगू) माझा कर्मणीचा शोध सांगितला, एकदम छाती फुगवून. तो म्हणाला आमच्यात चालणार नाही. मी केलं असेल तर घरात आम्ही म्हणतो 'चेसिना', पुस्तकात 'चेशानु', आणि तिनं केलं असेल तर 'चेसिंदि'. क्रियापदालाच माणूस चिकटलेला. कर्ता गाळला तरी शेपटावरून कळतंय.

म्हणजे जी मिसळ मी राजम्माच्या मनाची म्हणून दाखवतोय ती तिच्या भाषेत होऊच शकत नाही. तिच्या डोक्यात प्रत्येक वाक्याला 'मी' लख्ख आहे. धूसर आहे ती मराठी. यावर काय करायचं अजून ठरत नाही. कडक भाकरी चघळत बराच वेळ गप्प बसलो, मित्राला वाटलं मला राग आला.

(बघा, 'वाटलं'.)

२८ जून

पण त्यानंच जाता जाता दुसरं एक दिलं. 'सुरकुतलेली म्हणे!' हा अक्कांचा टोमणा सांगितला तर म्हणाला आमच्यात पण आहे, 'अंट'. वच्चिंडंट, म्हणजे आला म्हणे. आणि कानडीत 'अंते'. तिन्ही भाषांत 'म्हणणे' या क्रियापदातूनच आलेलं, तिन्हीत काम एकच: बातमी माझी नाही, ऐकलेली आहे, जबाबदारी घेत नाही. एका गल्लीत तीन भाषा आणि तिघींकडं गावगप्पांचं तेच हत्यार.

दृष्टिकोनाच्या हिशोबानं 'म्हणे' फार मोठा शब्द आहे. "पलीकडच्या गल्लीतल्या बाईनं चष्मा केला म्हणे. दुप्पट दिसतंय म्हणे." यात तीन जण आहेत, चष्मावाली, जिनं सांगितलं ती, आणि राजम्मा जी विश्वास ठेवायला तयार नाही. आणि त्या तयार नसण्यात तिला किती पाहिजे आहे तेही आलं. 'वाटलं' नाही, 'हेवा' नाही, काही नाही. शिवाय हे वाक्य तेलुगूतही असंच्या असं होतं, मित्राकडून करून घेतलं.

३ जुलै

मुलाच्या बाजूनं एक भाग लिहिला होता, १४०० शब्द, एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर रात्रपाळी करतो तो. जेनेटच्या भाषेत नजर एकाकडून दुसऱ्याकडं फिरवणं, चालतं ते. माझ्याकडं चाललं नाही. मुलगा आईकडं बघतो आणि दोन वाक्यांत सगळं कळतं त्याला. मग राजम्मा उरलेला दिवस कुणापासून लपवणार. काढून टाकला. लूमच्या आवाजाचा परिच्छेद चांगला होता, वाईट वाटलं.

९ जुलै

फसवणुकीचा प्रश्न. नजर राजम्माची, तिला जे कळतं ते वाचकाला कळणार, असा करार केला. आणि तिला मनातून माहीत आहे की डोळे गेलेत. मग ते मी वाचकाला का सांगत नाही? ही लबाडी झाली. जेनेटकडं याला नाव आहे, पॅरालिप्सिस, नजरेच्या टप्प्यात असलेली गोष्ट मुद्दाम वगळणं. खून स्वतःच केलेला माणूस सगळी हकीकत सांगतो आणि नेमकी तेवढी दहा मिनिटं गाळतो, तसलं.

दोन दिवस अडकलो. सुटलं ते अॅलन पामर या कथा-अभ्यासकामुळं. त्याचं २००४ चं म्हणणं असं की कथेतलं मन म्हणजे फक्त आतला आवाज असं धरून सिद्धांतवाले बसलेत, पण मन कृतीतही असतं, कृती आणि विचार यांच्यात भिंत घालता येत नाही. बल्ब बदलला हे मनच आहे. सूप दाराशी नेलं हे मन आहे. नातीला "बघ गं, तुझे डोळे चांगले" म्हणत दोऱ्याचं टोक शोधायला लावलं, खेळ म्हणून, हेही. राजम्माच्या हाताला माहीत आहे आणि जिभेला माहीत नाही. मी हात दाखवले की वगळलं काहीच नाही. फक्त ते हात तिला दिसतात तसे, म्हणजे न दिसता. अक्कांचा पहिल्या दिवसाचा मुद्दा.

अक्कांना विचारलं तुमच्या वेळी असं कुणाचं झालं होतं का. म्हणाल्या सगळ्यांचंच, चाळिशी ओलांडली की. छाट वाढली की तंबाखूला नावं ठेवायची. नंतर म्हणाल्या विडीची टोकं मी डोळे मिटूनही दुमडत होते, पान कापताना मात्र फसायचे, पत्र्याचा साचा ठेवून कातरी चालवायची ना, तिथं शीर चुकते. हे मला माहीत नव्हतं. पान तीन आणि सात दोन्हीकडं दुरुस्ती केली, आता ती वळताना न अडखळता कापताना अडखळते.

१३ जुलै

ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, कथा वाचल्यानं दुसऱ्याचं मन ओळखता येतं, विज्ञानानं सिद्ध. तो २०१३ चा 'सायन्स' या नियतकालिकातला प्रयोग. लोकांना थोडं साहित्यिक ललित वाचायला दिलं आणि मग नुसत्या डोळ्यांचे फोटो दाखवून ही भावना कुठली ते ओळखायला सांगितलं, वाचणाऱ्यांना जरा जास्त मार्क पडले. २०१६ मधे दुसऱ्या लोकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तर परिणाम दिसला नाही. हे टाकलं नाही ग्रुपवर, उगाच वाद. मला तरी दहा मिनिटं वाचून मन ओळखता येईल हे पटत नाही, मी महिना झाला एका बाईचं लिहितोय आणि तिचे हात कुठं अडखळतात हेच चुकलं होतं.

२० जुलै

पूर्ण ड्राफ्ट. ५२०० शब्द. 'वाटलं' सगळे मिळून दोन उरलेत, दोन्ही जाणूनबुजून, दोन्ही मुलाबद्दल. "बैठकीला जातो असं वाटलं होतं."

तेलुगूचा गुंता असा सोडवला, सोडवला म्हणजे बांधला: दिवसभर कर्ता गाळलेली मराठी, पण जिथं ती मोठ्यानं बोलते तिथं 'मी' ठसठशीत. कारखान्यात छाट काढणाऱ्या माणसाला म्हणते, "मी वळली ती. मीच वळली." मराठीला तिथं 'मी'ची गरज नाही, आणि ती दोनदा म्हणते.

२७ जुलै

अंकाच्या संपादकांचा फोन. आवडलीय. पण पहिल्या पानावर कोण करतंय तेच कळत नाही, वाचक गोंधळेल, 'राजम्मानं' असं सुरुवातीलाच टाका. मी कर्मणीचं व्याख्यान सुरू केलं, त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले सगळं बरोबर आहे हो, पण टाका.

रात्री बसलो. पहिल्या ओळीत टाकून बघितलं, सगळं पुन्हा स्टुलावरून दिसायला लागलं. दुसरीत, तेच. अक्कांना विचारावं म्हटलं तर झोपल्या होत्या.

२९ जुलै

पाठवली. 'राजम्मा' चौथ्या ओळीत आहे, शेजारीण दारातून हाक मारते तिथं.